कोकणात बाळाची वाट पाहताना: पहिल्या तपासणीपासून जन्मदाखल्यापर्यंत

कोकणातल्या जोडप्याला मूल हवं असतं तेव्हा त्यांचे पत्ते बहुधा तीन असतात. सासर देवगडला, माहेर लांज्याला आणि नवरा नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत. रक्ताचा रिपोर्ट एकीकडे, सोनोग्राफी दुसरीकडे आणि आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी मुंबईच्या कपाटात. माझी बरीचशी नोकरी ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत बायकांची कार्डं भरण्यात गेली. तिथे रखडलेल्या केसेस औषधावाचून क्वचितच रखडायच्या. माणूस आणि कागद एका जागी नसायचे, म्हणून रखडायच्या.

हा लेख या वाटेला पहिल्यांदाच लागणाऱ्यांसाठी आहे. कुणाचं नुकतंच लग्न झालंय, कुणी बदलीवर इकडे आलंय, कुणाला लग्नाला चार वर्षं होऊनही नेमकं कुणाकडे जायचं ते उमगलेलं नाही. डॉक्टरांकडे जावंच लागेल; त्यांच्यासमोर बसण्याआधी काय हाताशी हवं, काय विचारायचं, ते इथे सांगते.

पहिलं काम फाईलचं. चेन असलेली प्लास्टिकची फाईल घ्या, कारण आपल्याकडे चार महिने कागद कोरडा राहत नाही. पहिल्या पानावर दोघांचे रक्तगट, आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आणि मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहा. सोनोग्राफीचे ते चकचकीत फोटो काही महिन्यांत पुसट होतात. आले त्याच दिवशी मोबाईलवर टिपा आणि नवऱ्याच्या फोनवरही पाठवा. ही फाईल माहेरी जाताना, मुंबईला जाताना, देवदर्शनाला जातानाही सोबत.

पायरी १: प्रयत्न सुरू करण्याआधी

फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी बाईने दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायची असते. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे दिवस गेलेत हे नीट कळेपर्यंत ते काम बहुधा उरकलेलं असतं. गोळी स्वस्त आहे, सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि तरीही आपल्याकडे ती सुरू होते ती तिसऱ्या महिन्यात.

सोबत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, रक्तगट आणि एकदा एचपीएलसी ही तपासणी करून घ्या. एचपीएलसीत थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक कळतात. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक असते, आणि ते आधी कळलेलं बरं. फिट्स, ब्लड प्रेशर किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. काही बदलाव्या लागतात, पण ते डॉक्टर ठरवतील.

पुरुषासाठी काम एकच, पण जिवावर येणारं: गुटखा, सिगारेट, दारू बंद. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आज सोडलेल्या मिश्रीचा हिशोब तीन महिन्यांनी दिसतो. ट्रॉलरच्या इंजिनापाशी किंवा भट्टीसमोर तासन्‌तास काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, उष्णतेने संख्या घटते.

पायरी २: वर्ष मोजायचं कसं

पुस्तकात लिहिलेलं असतं की वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत तर तपासणी करावी, बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. हे वर्ष एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं आहे. नवरा मुंबईला आणि बायको गावी असेल, तो गणपतीत आठ दिवस, शिमग्याला चार दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस येत असेल, तर लग्नाला तीन वर्षं होऊनही ‘प्रयत्न’ जेमतेम दोन-तीन महिन्यांचे भरतात. अशा किती सुनांना गावाने वांझ ठरवलं असेल, देव जाणे.

गर्भ राहण्याचे दिवस महिन्यात साधारण सहाच: बीज फुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. बीज पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी फुटतं. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर चौदाव्या दिवशी, ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवशी. म्हणजे रजा सणाला धरून मागण्यापेक्षा पाळीला धरून मागितली तर उपयोग. त्या आठवड्यात एक-दोन दिवसांआड संबंध पुरतात. दिवसाढवळ्या घड्याळ लावून बसण्याची गरज नाही.

आता गणपतीचीच एक गोष्ट, जी कुणी उघड बोलत नाही. सण तोंडावर आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणल्या जातात. नवरा वर्षातून ज्या आठवड्यात घरी, नेमक्या त्याच आठवड्यात बायको त्या गोळ्यांवर. मूल हवं असताना, दिवस राहिले असण्याची शक्यता असताना, या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. पुढची पाळी कधी, बीज कधी, याचा सगळा हिशोब त्याने हलतो. पूजेला बसायचा प्रश्न घरात बोलून सोडवता येतो. जावेला सांगा, ती बसेल.

मच्छीमार घरांत उलटं असतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी घरी. दोघांच्या तपासण्या त्या दोन महिन्यांत उरका, ऑगस्टमध्ये होडी पाण्यात गेली की माणूस हाती लागत नाही.

पाळी दोन-दोन महिने येत नसेल, ओटीपोटात असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पुरुषाला लहानपणी अंडकोषाचा काही त्रास झाला असेल, तर वर्षाची वाट बघू नका. लगेच दाखवा.

पायरी ३: तपासणी दोघांची, आणि आधी त्याची

दोष पुरुषाकडे, निदान अर्धामुर्धा, हे जवळपास निम्म्या जोडप्यांत आढळतं. तरी ओपीडीत बाई एकटी येते, किंवा सासूबाईंबरोबर येते. नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: “माका काय होणा नाय, मगे डाक्टराकडे कित्याक?” अहो, वीर्यतपासणी ही सगळ्या तपासण्यांमधली सर्वात स्वस्त, न दुखणारी आणि एका सकाळीत होणारी. ती न करता बाईची दुर्बीण घालून तपासणी करायची म्हणजे घराची चावी खिशात न बघता दार फोडण्यासारखं आहे.

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचायला हवा, आणि वाडीवरून तालुक्याला एसटीने तासाभरात पोचणं आपल्याकडे अवघडच. म्हणून नमुना लॅबमध्येच द्यावा, तिथे खोली असते का ते आधी फोन करून विचारावं. नाहीच जमलं तर बाटली अंगाशी धरून उबदार ठेवून न्यावी, बर्फात मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांनुसार मिलिलीटरमागे एक कोटी साठ लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. आकडा त्याखाली आला तरी घाबरू नका. तापातून उठल्यावर तो पडतो, म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

बाईच्या बाजूने थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एएमएच या हार्मोनच्या रक्ततपासण्या आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी. एएमएच कमी आलं की बायका रडत बाहेर येतात. त्यातून बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो, दिवस जातील की नाही याचा निकाल त्यात नसतो. गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का हे बघायला एचएसजी नावाचा एक्स-रे असतो. पाळी संपल्यावर, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात करतात. पाच-दहा मिनिटं चांगलंच दुखतं. आधी दुखणं कमी करायची गोळी मागून घ्या, आणि त्या दिवशी स्कूटरवरून एकटीने घरी जायचा हट्ट नको.

नळ्या बंद निघाल्या तर गर्भाशयाच्या टीबीचा विचार आपल्या देशात करावाच लागतो. खोकला नसतानाही तो असू शकतो. निघालाच तर औषधं सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात, कोर्स मात्र पुरा करायचा.

गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, देवाला नारळ ठेवा. मनाला धीर येतो. पण भगताने दिलेली पुडी पोटात घेऊ नका. असल्या पुडीत शिसं-पारा असू शकतो, आणि त्यात काय होतं हे नंतर कुठलीच लॅब धड सांगू शकत नाही.

पायरी ४: उपचार

बीज वेळेवर फुटत नसेल, बहुतेकदा पीसीओएसमुळे, तर सुरुवात लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी होते. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सुरू करून पाच दिवस. मग नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी करून बीज किती वाढलं ते बघतात. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरवल्यानेही पाळी रुळावर येते, आणि याला पैसे लागत नाहीत.

पुढची पायरी आययूआय: वीर्य धुऊन, चांगले शुक्रजंतू निवडून थेट गर्भाशयात सोडणं. यासाठी निदान एक नळी मोकळी हवी. तीन-चार वेळा करूनही यश आलं नाही तर तेच पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नसतो. इथे अनेकांची दोन-दोन वर्षं जातात, आणि चाळिशीकडे झुकलेल्या बाईला ती परवडत नाहीत.

मग आयव्हीएफ. भारतात हे काही नवीन नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं, त्यालाही आता चार दशकं होत आली. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन सुईने बीजं काढायची, प्रयोगशाळेत फलन, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भ आत सोडायचा, आणि दोन आठवड्यांनी, दिवस राहिले का ते सांगणारी बीटा-एचसीजीची रक्ततपासणी. खासगीत एका सायकलला औषधांसकट दीड ते अडीच लाख सहज लागतात. पस्तिशीच्या आतल्या बाईलाही दर वेळी यश मिळतंच असं नाही. साधारण तिनातली एखादी सायकल फळते, चाळिशीनंतर त्याहून बरीच कमी. म्हणून जमीन विकायचा विचार पहिल्याच सायकलसाठी करू नका. किती सायकली परवडतील ते आधी घरात बसून ठरवा, आणि तो आकडा डॉक्टरांनाही सांगा.

केंद्र निवडताना बघायचं ते असं. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे: आययूआय करणारं पहिल्या स्तराचं, आयव्हीएफ करणारं दुसऱ्या स्तराचं. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ते वाचा. आयव्हीएफसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ हवं. दात्याचं बीज किंवा वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच यावं लागतं, बहिणीचं किंवा मैत्रिणीचं चालत नाही. पैसे देऊन सरोगसी बेकायदा आहे. ‘मुलगाच देतो’ म्हणणाऱ्या केंद्रातून चप्पल घालून थेट बाहेर पडा. तो गुन्हा आहे, आणि जो कायदा एवढा सरळ मोडतो तो तुमच्या बिलात काय करेल?

विचारायचे प्रश्न: एका सायकलचा पूर्ण खर्च लेखी द्याल का, औषधं आणि गर्भ गोठवणं धरून? सायकल मध्येच रद्द झाली तर किती परत? माझ्या वयाच्या बायकांत किती जणींना बाळ *झालं*? दिवस राहिले किती, हा आकडा वेगळा. तो नेहमी मोठा असतो.

बहुतेकांना यासाठी कोल्हापूर, गोवा, मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं, आणि खरी कसोटी तिथे. सगळ्या सोनोग्राफींसाठी घाट चढायची गरज नसते. मधल्या तपासण्या तुमच्या तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करून रिपोर्ट पाठवले तर चालतील का, हे पहिल्याच भेटीत विचारा. इंजेक्शनं थंड राहायला हवीत. पावसाळ्यात वीज गेली की फ्रिज नुसतं कपाट होतं, म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेला छोटा थर्मास घरी ठेवा आणि औषध किती वेळ बाहेर चालतं ते लिहून घ्या. बर्फ थेट कुपीला लागू देऊ नका, गोठलेलं औषध फेकावं लागतं.

शेवटचं इंजेक्शन, ज्याला ट्रिगर म्हणतात, ते बीज काढण्याच्या बरोब्बर ३४ ते ३६ तास आधी. ते बहुतेक वेळा रात्री नऊ-दहाला येतं. त्या वेळी वाडीत सिस्टर कुठून आणणार? तेव्हा पोटाच्या चरबीत इंजेक्शन घ्यायला नवऱ्याने किंवा तुम्ही स्वतः केंद्रातच शिकून घ्या. सुई केसाएवढी असते. पहिल्या दिवशी हात थरथरतो, तिसऱ्या दिवशी नवरा बातम्या बघत देतो.

गर्भ सोडल्यावर पंधरा दिवस पाठीवर पडून राहायची पद्धत आहे. त्याचा काही फायदा नाही, हे तपासून झालंय. घाटातल्या खड्ड्यांनी गर्भ पडत नाही. मात्र बीज काढल्यानंतर पोट टम्म फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर रात्रीची गाडी पकडून गावी निघू नका. केंद्राला फोन करा, तिथेच थांबा. बीजग्रंथी अति उत्तेजित झाल्याची ती खूण असू शकते.

आणखी एक: जुळ्यांचा मोह. दोन-तीन गर्भ सोडले की यशाचा आकडा वाढतो, पण बाळं लवकर आणि हलकी जन्मतात. नवजात अतिदक्षता कक्ष घरापासून दोन तासांवर असलेल्या माणसाने एकाच गर्भाचा आग्रह धरावा असं माझं मत.

पायरी ५: दिवस गेले

बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. आशाताईंना घरी बोलावलंत तरी चालेल. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते फाईलमध्ये सर्वात वर ठेवा. खासगी डॉक्टरांकडे दाखवत असाल तरी ही नोंद कराच, पुढचे पैसे आणि गाडी तिच्यावर अवलंबून. प्रसूतीची तारीख काढायला शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा.

आयव्हीएफने दिवस राहिले असतील किंवा नळ्यांचा काही त्रास असेल तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी चुकवू नका. गर्भ नळीत नाही ना, हे बघायचं असतं. एका बाजूला तीव्र कळ, चक्कर, अंगावरून डाग, असं झालं तर तडक रुग्णालय.

निदान चार तपासण्या हव्यात: बारा आठवड्यांत पहिली, नंतर १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ नंतर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, २०१६ पासून. प्रत्येक वेळी वजन, ब्लड प्रेशर, लघवीतलं प्रोटीन, हिमोग्लोबिन कार्डावर लिहून घ्या. रकाना रिकामा राहिला तर लाजू नका, “सिस्टर, हे राहिलं” म्हणा.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत: ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त, १४० किंवा त्यावर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी याही तपासण्या होतात. बाईचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांना आणि पॉझिटिव्ह बाळ झाल्यावर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते कुठे मिळणार हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा.

सोनोग्राफी दोन महत्त्वाच्या: ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची. दुसरी कापणी किंवा लग्नसराई बघून पुढे ढकलू नका. बाळात गंभीर दोष निघाला तर गर्भपाताच्या निर्णयासाठी चोवीस आठवड्यांनंतर मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. ओळखपत्र न्या, ‘एफ’ फॉर्मवर सही करावी लागते. मुलगा की मुलगी हे विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, विचारणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसऱ्या महिन्यानंतर लोहाची लाल गोळी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. आमच्याकडे या गोळ्यांचे निम्मे पत्ते फडताळात सापडायचे, कारण मळमळतं आणि शी काळी होते. काळी होणारच. रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमची गोळी दिवसाच्या दुसऱ्या वेळी. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगाला लागत नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागत नाही, रुग्णालयातच जावं लागतं.

खाण्यात आपलं कोकण श्रीमंत आहे. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, तारली, बांगडा, मांदेली हे सगळं उत्तम. मुशी म्हणजे मोरी टाळा, मोठी सुरमई क्वचितच; मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. ब्लड प्रेशर वाढलेलं असेल तर सुकट-खारं आवरा.

लावणीच्या दिवसांत गरोदर बाईने चिखलात उतरू नये, हे जरा ठासून सांगते. लेप्टो आपल्याकडे दर पावसाळ्यात असतो, आणि त्यासाठी गावात वाटतात त्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवा आणि गरोदर असल्याचं आधी सांगा. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या काजूबागांत माकडतापाचाही धोका असतो. मेलेलं माकड दिसलं तर त्या बागेत जाऊ नका.

पायरी ६: बाळंतपण कुठे, आणि तिथवर कसं

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण डोहाळजेवण झालं की नवव्या महिन्यात माहेरी जायचं आणि तिथे कुणी ओळखीचा डॉक्टर नाही, असं नको. सातव्या महिन्यातच माहेरच्या आशाताईंना फोन करून कळवा, तिकडच्या रुग्णालयात एकदा दाखवून या.

जागा ठरवताना रंगरंगोटी बघू नका, हे विचारा: रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त इथेच साठवलेलं आहे की जिल्ह्यातून आणावं लागतं? बाळाचे डॉक्टर? मोठं रुग्णालय असूनही भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस, हे आपल्याकडे सर्रास घडतं, आणि मग पुढे पाठवण्यात जातात ते तास परत मिळत नाहीत. ब्लड प्रेशर, मधुमेह, जुळं, आधीचं सिझर, आडवं बाळ, फार कमी हिमोग्लोबिन, यांपैकी काही असेल तर सुरुवातीपासूनच मोठ्या ठिकाणी नाव घाला. सिंधुदुर्गात ओरोस, रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय, चिपळूणकडच्यांना डेरवणचं रुग्णालय. पुढे पाठवायची वेळ आली तर गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज किंवा कोल्हापूर.

तारीख जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर रस्त्याचा विचार वेगळा करा. करूळ घाट कामासाठी २०२४ मध्ये महिनोन्‌महिने बंद होता. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा रस्ता, वीज आणि फोन, सगळंच गेलं. खाडीपलीकडच्या गावांतून फेरीबोटीवर भरवसा ठेवू नका, रात्री ती नसतेच. ३७-३८ आठवडे भरले की रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे जाऊन राहणं हा सर्वात शहाणा उपाय. मावशी, आत्ये, कुणीतरी असतंच.

गाडीसाठी १०२ आणि आणीबाणीत १०८, दोन्ही मोफत. गावात मोबाईलला रेंज नसेल तर कुठल्या वळणावर येते ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. वाडीतल्या एका रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा, आणि बाईच्या रक्तगटाची दोन माणसं बघून ठेवा.

या गोष्टी दिसल्या तर कळांची वाट बघू नका: अंगावरून रक्त, पाणी जाणं, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, ताप, झटके. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाची हालचाल कमी वाटली तर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर निघा. झटके आले तर दूरच्या मोठ्या रुग्णालयाकडे सुसाट निघण्याआधी वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबा, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस तिथे मिळतो आणि पुढचा प्रवास त्याने सुखरूप होतो.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी यांचे पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बहुधा विषय संपतो.

पायरी ७: बाळ झाल्यावर

तासाभरात छातीशी घ्या, पिवळं चीक दूध पाजा, मध-घुटी काही नको. चोवीस तासांत बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बीची लस. दोन रात्री तरी रुग्णालयात राहा, कारण रक्तस्राव होतो तो बहुधा पहिल्या दिवसात. घरी शेक द्यायचा असेल तर दारं-खिडक्या बंद करून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका, त्या धुराने आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होतो. नाळेवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही. आशाताई बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येतात. आई सारखी रडते, झोपत नाही, बाळाकडे बघत नाही, हेही त्यांना सांगण्यासारखंच आहे.

आयव्हीएफने मूल झालेल्यांना वाटतं की पुन्हा आपोआप काही होणार नाही. होतं. पाळणा लांबवायचा असेल तर बाळंतपणाच्या वेळीच तांबी बसवून घेता येते, नाहीतर अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी.

पैशांचं म्हणाल तर मातृवंदना योजनेत पात्र घरांना पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या ग्रामीण बायकांना जननी सुरक्षा योजनेचे ७०० वेगळे. हे पैसे अडतात ते नावावरून: आधार माहेरच्या नावाचं, बँकेचं खातं सासरच्या, कार्डावर तिसरंच. दिवस गेल्याचं कळलं त्याच महिन्यात आधार आणि खातं एका नावाचं करून घ्या, आणि खातं आधारला जोडा.

जन्माची नोंद २१ दिवसांत. रुग्णालयात बाळंतपण झालं तर ते कळवतात, पण रजिस्टरवर आईचं नाव आधारप्रमाणेच लिहिलंय ना, ते घरी सोडण्याआधी स्वतः वाचून घ्या. मातृवंदनेचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि पहिल्या लसींवर मिळतो, त्यामुळे तिथली चूक थेट खिशाला लागते. बाळाचं नाव ठरलं नसेल तर तो रकाना कोरा ठेवता येतो. बारशानंतर वर्षभरात ते शुल्काशिवाय घालून मिळतं.